हिशेब मागण्याची जागा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे उभे आयुष्य सहकारी संस्थांची दप्तरे तपासण्यात गेले. त्यांच्या नावाने बोलायचे तर हिशेबाबद्दलच बोलावे, असे मी विश्वस्तांना कळवले आणि आजचा विषय ठरला : समाजातल्या भांडणांत हिशेबाचे काम काय? लोकांना हा विषय रूक्ष वाटतो. वऱ्हाडच्या माणसाला तो तसा वाटू नये, कारण आपला हा मुलूखच मुळात एका थकबाकीपायी या हातातून त्या हातात गेलेला आहे.

ती थकबाकी होती हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेची. फौज निजामाच्या नावाने उभी, अधिकारी ईस्ट इंडिया कंपनीचे, आणि खर्च निजामाने द्यायचा. एवढी फौज शांततेच्या काळातही पोसण्याचे आपण कधी कबूल केले नव्हते, असे निजामाच्या दरबाराचे म्हणणे होते. कंपनीने मात्र खर्च मांडत नेला. पगार थकले, कंपनीने आपल्या तिजोरीतून भागवले आणि ते निजामाच्या नावे घातले. ही रक्कम ४०-५० लाखांच्या घरात गेली तेव्हा २१ मे १८५३ रोजी तह झाला आणि वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. पण त्या तहात एक कलम होते, आणि माझ्या आजच्या सगळ्या बोलण्याचा पाया तेच आहे. इंग्रज रेसिडेंटाने दरवर्षी वऱ्हाडच्या जमाखर्चाचा खरा हिशेब निजामाला द्यावा आणि फौजेचा खर्च भागून उरेल ती शिल्लक परत करावी, असे ते कलम होते.

सात वर्षांनी, १८६० च्या डिसेंबरात, नवा तह झाला. जुने ५० लाखांचे कर्ज माफ झाले. रायचूर दुआब आणि धाराशिवचा मुलूख निजामाला परत मिळाला. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिला आणि हिशेबाचे कलम गेले. मागचा, चालू किंवा पुढचा कोणताही जमाखर्च आपण मागणार नाही, हे निजामाने मान्य केले. शिल्लक उरली तर मिळेल, पण कारभारावर किती खर्च करायचा हे सर्वस्वी इंग्रज सरकार ठरवणार. माफीच्या मोबदल्यात इंग्रजांनी निजामाचा विचारण्याचा हक्क विकत घेतला. कर्जमाफी आणि हिशेबमाफी एकाच कागदावर झाली. वऱ्हाडच्या इतिहासात ही जोडी पुन्हा पुन्हा भेटते.

निजामाचे दिवाण सालारजंग यांनी पुढे कितीतरी वर्षे उलटा हिशेब मांडला. सिकंदराबाद आणि जालन्याच्या छावण्यांतली अबकारी वसुली कंपनीने स्वतःकडे ठेवली होती. ती आमच्या खाती जमा धरली असती तर कर्ज उभेच राहिले नसते, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो ऐकला गेला नाही, कारण ऐकण्याचे बंधनच उरले नव्हते. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाखांवर वऱ्हाडचा कायमचा पट्टा करून घेतला आणि पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. या साऱ्या पन्नास वर्षांत अचलपूरच्या, बाळापूरच्या, कारंज्याच्या कास्तकाराला कोणी काही विचारले, अशी एकही नोंद या तहांत नाही. सारा त्याचा, कपाशी त्याची. हिशेबाची तक्रार मात्र दोन सरकारांमधली.

हे मी इतके सविस्तर सांगितले, कारण मला जे म्हणायचे आहे ते यातूनच निघते. भांडण पैशावरून सुरू होत असेल, पण ते पेटते हिशेब मागण्याची जागा बंद झाल्यावर. आणि ती जागा बंद झाली की माणसाचा राग व्यवहारावर राहत नाही, तो समोरच्याच्या जातीवर, प्रांतावर, घराण्यावर जातो.

पुणे जिल्ह्यातल्या सुप्याचे उदाहरण सर्वांना शाळेपासून माहीत आहे. १२ मे १८७५ रोजी भर बाजारात सावकारांची दुकाने आणि घरे फोडली गेली. चौकशीला बसलेल्या आयोगाच्या ध्यानात आले की जमावाला मुख्यतः कागद हवे होते. खते, रोखे, हुकूमनामे. जिथे सावकाराने ते निमूटपणे काढून दिले तिथे फारशी मारहाण झाली नाही. कागद जाळणे हे अडाण्याचे कृत्य आहे, असे तेव्हाच्या पुष्कळ शहाण्यांना वाटले. मला ते तसे वाटत नाही. जी वही आपल्याला वाचता येत नाही, जिच्यातली बाकी खोटी आहे हे दाखवता येत नाही आणि कोर्ट जिला प्रमाण मानते, ती वही नष्ट करणे एवढेच त्या माणसाच्या हातात उरले होते. पण त्याच वेळी तो राग परप्रांतीय सावकारांवर, मारवाडी आणि गुजर म्हणून, घसरला. त्यांच्यात सचोटीने व्यवहार करणारेही असणार. बंद वहीत सचोटीचा आणि लबाडीचा सावकार सारखेच दिसतात. म्हणून मी म्हणतो की उघड्या वहीची गरज प्रामाणिक सावकाराला शेतकऱ्यापेक्षा कमी नाही.

सरकारलाही हे उमगले होते. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला तो या समजुतीवर. कोर्टाने रोख्यावरचा आकडा पाहून थांबू नये, व्यवहाराच्या मुळाशी जावे, पहिल्या कर्जापासून हिशेब काढावा. शेतकऱ्याला पावती मिळावी, खातेउतारा मिळावा, मागितल्यास पासबुक मिळावे. कायदा चार जिल्ह्यांपुरता होता : पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर. वऱ्हाड त्यात नव्हता. आपल्याकडे ही गोष्ट यायला १९३० चे दशक उजाडावे लागले. मंदीने कपाशीचा भाव बसला होता आणि जमिनी धडाधड सावकारांच्या नावे चढत होत्या. १९३३ चा कर्ज लवाद कायदा आला. त्यामागे पापळच्या डॉ. पंजाबराव देशमुखांची खटपट होती, हे वऱ्हाडात घराघरात ठाऊक आहे. लगेच १९३४ चा सावकारी कायदा आला. लवाद कायद्याचे नाव होते तसे या दुसऱ्या कायद्याचे होत नाही, ही मला मोठी खंत वाटते. प्रत्येक ऋणकोचे वेगळे खाते ठेवावे, दरवर्षी त्याला वाचता येईल असा सहीचा उतारा द्यावा, आणि हे केले नाही तर कोर्ट सावकाराचे व्याज कापू शकेल, असे तो कायदा सांगत होता. हिशेब न देण्याला किंमत लावणारा कायदा नव्वद वर्षांपूर्वी या मातीत होता.

मग सावकारी थांबली का? नाही. तिने वहीच सोडली. आज आपल्या तालुक्यांत बेकायदा सावकार कर्जाची नोंद ठेवत नाही, तो सरळ खरेदीखत करून घेतो. तोंडी बोली अशी, की पैसे परत केले की शेत उलटून देऊ. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मात्र ती विक्री असते, स्टॅम्प लागलेली, दोन साक्षीदारांची. सातबाऱ्यावर फेरफार होतो. आता कोणता उतारा मागणार? खातेच नाही. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने याला एक तोड काढली आहे. जिल्हा निबंधकाला खरेदीखताच्या आड जाऊन पाहता येते, आणि तो व्यवहार सावकारीतला ठरला तर १५ वर्षांपर्यंत मागे जाऊन शेत मूळ मालकाला परत देण्याचा आदेश काढता येतो. सहकार खात्याच्या कचेरीत अर्ज करायचा असतो. ज्यांची शेते अशी गेली आहेत त्यांतल्या किती जणांना ही कचेरी माहीत आहे? इथे बसलेल्या वकील मित्रांनी या प्रश्नाचे उत्तर आपापल्या तालुक्यात शोधावे.

आणि नोंदीची ताकद पाहायची तर शेजारच्या खामगावात पाहा. २००६ साली एका आमदाराच्या कुटुंबाविरुद्ध सावकारीच्या तक्रारी आल्या. त्या नोंदवण्याच्या कामात मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून हस्तक्षेप झाला. तो फोन हवेत विरला असता, पण पोलीस ठाण्यात त्याची नोंद झाली होती. प्रकरण नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर २०१० मध्ये न्यायालयाने तेव्हाचे मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या त्या हस्तक्षेपावर कडक ताशेरे ओढून राज्य सरकारला १० लाखांचा दंड केला. दंड सरकारने भरला, म्हणजे तुम्ही-आम्ही भरला. त्याबद्दल मला समाधान नाही. पण ठाण्यातल्या दैनंदिनीतल्या दोन ओळी मंत्रालयापर्यंत जाब विचारत गेल्या, हे विसरू नये.

आता दुसऱ्या मोठ्या भांडणाकडे येतो, विदर्भ आणि उरलेला महाराष्ट्र या भांडणाकडे. याचाही पहिला कागद याच शहरात झाला. ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करार. त्यात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत कल्पिले होते. पुढे २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्यांत आणि उच्च शिक्षणात वाटा, नागपुरात अधिवेशन अशी वचने दिली. १९५६ मध्ये घटनेत कलम ३७१(२) आले, ज्याने समन्यायी निधिवाटपाची खास जबाबदारी राज्यपालांवर टाकता येते. तरतूद १९५६ ची, आणि विकास मंडळे स्थापन झाली १९९४ मध्ये. मधल्या अडतीस वर्षांत विदर्भाच्या मनात जे साठले त्याला पुष्कळ काळ कुठलाही आकडा नव्हता, आणि म्हणून त्याला सीमाही नव्हती. ‘पश्चिम महाराष्ट्राने खाल्ले’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ते कोणी खाल्ले, किती खाल्ले, कोणत्या शीर्षाखालचे खाल्ले, हे सांगणारा भेटत नसे. सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी गावातला माणूसही त्या वाक्यात खाणारा ठरत होता.

म्हणून प्रा. वि. म. दांडेकरांच्या समितीचे मला मोल वाटते. १९८३ मध्ये नेमलेल्या या समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. तिने रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा प्रत्येक बाबीत राज्याची सरासरी काढली, सरासरीच्या खाली असलेला जिल्हा वर आणायला किती पैसा लागेल ते मांडले आणि त्याला अनुशेष म्हटले. राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी, त्यात विदर्भाचा सुमारे १,२४६ कोटी. आणि विदर्भ-मराठवाडा सोडून उरलेल्या महाराष्ट्राचाही जवळजवळ ३७ टक्के निघाला. कोकणातले आणि अवर्षणग्रस्त जिल्हे त्यात होते. प्रांताप्रांतांचे भांडण त्या तक्त्याने जिल्ह्याजिल्ह्यांच्या हिशेबात आणून ठेवले. तो अहवाल सरकारने रीतसर स्वीकारला नाही, तरी त्याच्या आधारे वाटप सुरू झाले. पुढे निर्देशांक आणि अनुशेष समितीने १९९४ च्या पातळीवर पुन्हा मोजले तेव्हा आकडा १४ हजार कोटींवर गेला होता आणि त्यात विदर्भाचा वाटा निम्म्याच्या जवळ पोचला होता.

पण याच हिशेबात एक खोट राहिली, आणि ती अमरावती विभागाला भोवली. अनुशेष रुपयांत मोजला गेला. रुपये दिले की तो फिटला. आर्थिक अनुशेष संपल्याचे कागदावर जाहीर झाले आणि अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशिम या जिल्ह्यांतला सिंचनाचा भौतिक अनुशेष मात्र हेक्टरांत तसाच उभा राहिला. त्याच काळात विदर्भ पाटबंधारे महामंडळातल्या प्रकल्पांच्या किमती कशा फुगत गेल्या, ते २०१२ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचले. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतला आकडा आठवा : दहा वर्षांत राज्याचे सिंचित क्षेत्र १७.८ टक्क्यांवरून १७.९ टक्के. हा एक दशांश टक्का विरोधकांनी शोधला नव्हता, तो सरकारच्याच पुस्तकात छापलेला होता. त्यातून श्वेतपत्रिका आली, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक आले. खर्चाच्या रकान्याशेजारी पाण्याचा रकाना छापला गेला, तेवढ्यानेच सरकार हादरले.

पाण्याचा रकानाही पुरेसा नसतो. अकोला, दर्यापूर, मूर्तिजापूर, भातकुलीकडच्या लोकांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहीर खोदून तिची नोंद करता येते, पण तिचे पाणी पिकाला चालत नाही. सरासरीत ती विहीर सिंचनाचे साधन म्हणून मोजली जाते. माणूस तक्रार घेऊन गेला की त्याला तक्ता दाखवतात. अशा वेळी हिशेब चुकीचा नसतो, रकाना चुकीचा असतो; आणि रकाने आखताना खारपाणपट्ट्यातला माणूस खोलीत नव्हता.

आता ज्या हिशेबाबद्दल बोलताना मला अजूनही त्रास होतो, तिकडे येतो. शेतकरी आत्महत्या झाली की तहसीलदाराचा अहवाल जातो आणि जिल्हाधिकाऱ्यांची समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे पात्र कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. रक्कम वर्षानुवर्षे तीच राहिली. पण रकमेपेक्षा मला कसोट्या अस्वस्थ करतात. शेतजमीन घरच्यांच्या नावे हवी. कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. ते थकलेले आणि तगादा लागलेला हवा.

जरा थांबून विचार करा. मघाशी सांगितलेला बेकायदा सावकार वही ठेवत नाही, म्हणून त्याचे कर्ज या कसोटीत नाही. त्याने खरेदीखत करून घेतले असेल तर शेतही नावावर नाही. जो ठोक्याने किंवा बटईने दुसऱ्याचे वावर करत होता त्याचे नाव सातबाऱ्यावर कधी नव्हतेच, म्हणून त्याला पीककर्ज नव्हते, विमा नव्हता, आणि आता पात्रताही नाही. बाई स्वतः शेती कसत असेल तरी वावर बहुधा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावे. म्हणजे जो सगळ्यात जास्त नाडला गेला, त्याचाच कागद सगळ्यात कोरा. अपात्र हा शिक्का गावात पोचतो तेव्हा त्याचा अर्थ कोणी ‘निकषात बसले नाही’ असा घेत नाही. लोक म्हणतात, दारू असेल, घरचे भांडण असेल. मेलेल्या माणसावर आळ येतो आणि त्याच्या बायकोला तो सोसत त्याच गावात राहावे लागते. इथे राग बाहेर जायलाही वाट नाही. तो घरातच मुरतो.

सोसायटीच्या दप्तरातही असेच आहे. ‘नवे-जुने’ हा शब्द या सभेत समजावून सांगायची गरज नाही. मार्चअखेर जुने कर्ज कागदावर भरले जाते आणि लगेच व्याजासह नवे कर्ज उचलले जाते. गटसचिवाची वसुली दिसते, बँकेचा ताळेबंद दिसतो, शेतकऱ्याचा बोजा वाढतो. मग कर्जमाफी येते ती थकबाकीदारांसाठी. २००८ ची योजना ३१ डिसेंबर २००७ रोजी थकलेल्या कर्जासाठी होती, पूर्ण माफी दोन हेक्टरांपर्यंत. वऱ्हाडच्या कोरडवाहू कास्तकाराकडे सहा-सात एकर असले तरी त्यातून निघते काय? आणि ज्याने नवे-जुने केले तो तर कागदावर नियमित. २०१७ आणि २०१९ च्या योजनांत नियमित कर्जदारांना प्रोत्साहन रक्कम देऊन ही उणीव भरायचा प्रयत्न झाला, हे मान्य केले पाहिजे. पण २००८ च्या योजनेबद्दल महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये काय सांगितले? तपासलेल्या ९०,५७६ खात्यांपैकी २२ टक्क्यांहून अधिक खात्यांत चुका. आणि ज्यांना लाभ दिला नाही अशा ९,३३४ खात्यांत १,२५७ खाती पात्र होती. ही खाती देशभरातली, अनेक राज्यांतली. या १,२५७ जणांनी कुठे विचारायचे होते? बँकेच्या भिंतीवर यादी लागली होती, यादीत नाव नव्हते, एवढेच त्यांना कळले.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी या सगळ्याला वेगळा रस्ता दाखवला होता आणि त्यांचे म्हणणे मी टाळून पुढे जाणार नाही. सावकाराच्या वहीत काय पाहता, शेतमालाच्या उत्पादनखर्चाची वही उघडा, असे ते सांगत. कपाशीच्या क्विंटलमागे शेतकऱ्याच्या पदरात पडते त्याहून जास्त सरकार धोरणाने काढून घेते, तेव्हा देणेकरी कोण आणि घेणेकरी कोण, हा त्यांचा प्रश्न होता. लाखो शेतकऱ्यांना त्यांनी स्वतःच्या वावराचा हिशेब मांडायला शिकवला. राग माणसावरून धोरणावर नेला, हे त्या चळवळीचे मोठे काम मी मानतो. बायकांच्या नावे जमीन करून देणारी लक्ष्मीमुक्ती मोहीमही त्यांचीच. सातबाऱ्यावर नाव नसल्याने काय होते ते त्यांना आधीच दिसले होते. पण भाव मिळाला की सगळे हिशेब आपोआप सरळ होतील, हे मला पटत नाही. बाजार समितीच्या काट्यापासून सोसायटीच्या खतावणीपर्यंत मधली वही बंदच राहिली तर चढलेला भावही वाटेत झिरपतो.

पॅकेजचेही तसेच. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी जाहीर केले. आत्महत्यांच्या दुःखातून आलेला हा पैसा. त्यातला निम्म्याहून अधिक पाटबंधाऱ्यांसाठी होता, ७१२ कोटी थकीत व्याजाच्या माफीसाठी, म्हणजे बँकांच्या खात्यांत. दोन्ही गरजेचे असतील. पण ज्या घराच्या नावाने पैसा आला त्या घराला त्याचा जमाखर्च दाखवण्याचे बंधन कोणावर होते? आम्ही मोर्चे काढले ते रकमेसाठी. रकमेबरोबर हिशेबाचे कलम मागितले नाही. १८६० ची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली ती याचसाठी.

हिशेब मागण्याची जागा लोकांना स्वतःही उघडता येते. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरात जनसुनावण्या सुरू केल्या, तेव्हा त्यांच्याकडे कायदा नव्हता. त्यांनी हजेरीपटांच्या प्रती मिळवल्या आणि गावासमोर मोठ्याने वाचल्या. मेलेल्यांच्या नावे मजुरी उचललेली निघाली. त्यातून पुढे माहितीचा अधिकार आला, आणि २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कलम १७ आले, ज्याने ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार दिला. ती रोजगार हमी मुळात महाराष्ट्राची, १९७० च्या दशकातली. मस्टर आपल्याकडे आधी आले, ते वाचून दाखवायची रीत मात्र आपल्याला राजस्थानातून घ्यावी लागली. शेंडगावचे गाडगेबाबा लोकांना कर्ज काढून सण करू नका म्हणून सांगत गावोगाव फिरले. त्यांचा कीर्तनाचा ढंगच प्रश्न विचारण्याचा होता. ज्या भूमीत असा माणूस झाला तिथे ग्रामसभेत उभे राहून ‘हे पैसे कुठे गेले’ म्हणायला माणसाला भीती वाटावी, हे मला सहन होत नाही.

आता काय मागायचे ते सांगतो. पहिले, विदर्भ विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. मंडळे फार प्रभावी होती असा माझा दावा नाही. पण त्यांचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवण्याचे घटनेचे बंधन होते. ती एक जागा होती, आणि ती पुन्हा मागितली पाहिजे. दुसरे, आत्महत्येचे प्रकरण अपात्र ठरवले तर त्याचे कारण लेखी, साध्या मराठीत, त्या घरातल्या बाईच्या हातात दिले जावे आणि त्यावर दाद कुठे मागायची ते त्याच कागदावर असावे. तिसरे, मार्चअखेर सोसायटीने प्रत्येक सभासदाला त्याच्या खात्याचा सहीचा उतारा द्यावा, नवे-जुने झाले असेल तर ते तसे लिहून. १९३४ मध्ये जे सावकारावर बंधन होते ते आपल्याच संस्थेवर घालायला कोणाची हरकत असेल तर ती आमसभेत उभे राहून सांगावी.

आणि एक विनंती विश्वस्तांना. पुढल्या वर्षी इथे वक्ता कोणीही असो, व्याख्यानाआधी अर्धा तास राखून ठेवावा. अकोला आणि अमरावती जिल्हा नियोजन समित्यांची मंजूर तरतूद आणि झालेला खर्च तालुकावार वाचून दाखवावा, आणि संबंधित अधिकाऱ्यांना समोर बसण्याचे आमंत्रण द्यावे. आकडे मागण्याचे अर्ज आत्ताच टाकावे लागतील. मी नमुना लिहून आणला आहे, तो कार्यवाहांकडे देतो आहे.